नवा पार्ट, जुना सप्लाय

कॉम्प्युटर अपग्रेड केला की तो बंद पडायला लागतो, हे २००१ ते २००६ च्या काळात ज्यांनी पीसी वापरला त्यांना सांगायला नको. रॅम वाढवली, बोर्ड बदलला... आणि चालता चालता मशीन आपोआप रिस्टार्ट! दोष अर्थातच नव्या पार्टला. पण त्या काळाचा इतिहास पाहिला तर पुष्कळदा खरा गुन्हेगार कॅबिनेटच्या वरच्या कोपऱ्यात गुपचूप बसलेला असायचा. एसएमपीएस!

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स मांडणी आणली. तेव्हा प्रोसेसरची वीज मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टच्या तारांतून यायची. पेंटियम ३ चं साधारण २५-३० वॉटमध्ये भागत असे. नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ आला तो पन्नास वॉटच्या पुढची भूक घेऊनच. आता साधं गणित बघा. ६० वॉट ५ व्होल्टवर न्यायचे तर १२ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर फक्त ५. म्हणून त्याच वर्षी 'एटीएक्स १२ व्ही' हे नवं मानक आलं, चार पिनांच्या वेगळ्या जोडणीसकट. भार १२ व्होल्टवर सरकला. बाजारातले जुने सप्लाय मात्र ५ व्होल्टवर जोर देऊन बनवलेले.

याचा फटका कसा बसायचा ते मी पुसदला पाहिलं. माझ्या आतेभावाचं तिथे डीटीपीचं दुकान होतं. २००४ च्या लग्नसराईआधी त्याने कर्ज काढून नवा बोर्ड आणि पेंटियम ४ घेतला. कॅबिनेट आणि सप्लाय जुनाच. चार पिनांची सोय एका कन्व्हर्टर वायरने केलेली. श्रीलिपीत पत्रिका टाइप करेपर्यंत सगळं ठीक. प्रेसला द्यायची सीडी राइट करायला घेतली की मशीन रिस्टार्ट! समोर मुलीकडची मंडळी बसलेली. दोन ऑर्डरी अशाच हातच्या गेल्या.

"नवीन पार्टच खराब हाय," असं जो तो म्हणे. विंडोज तीनदा फॉरमॅट झालं. एक्सपी बिघाड झाल्यावर स्वतःच रिस्टार्ट व्हायची, त्यामुळे निळा स्क्रीन वाचायलाही मिळत नसे. ती सेटिंग बंद केली, तरी निळा स्क्रीन आलाच नाही. मेमटेस्ट रात्रभर चालवली, रॅम निर्दोष. शेवटी दादाने गल्लीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी पिवळ्या तारेला मीटर लावला आणि सीडी रायटर फिरवायला सांगितली. १२ व्होल्टला पाच टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे ११.४ पर्यंत. काटा त्याच्याही खाली गेला. सीडीची मोटरही त्याच तारेवर, प्रोसेसरही त्याच तारेवर!

सप्लाय बदलला आणि मशीन चालू लागलं.

आपल्याकडचा उन्हाळाही यात भर घालतो. मे महिन्यात बाहेर ४४ अंश, कॅबिनेटच्या आत त्याहून जास्त. तापलेला सप्लाय कमी वीज देतो, आणि दर दहा अंशांमागे आतल्या कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं. त्यात लाइन जायची-यायची, तो धक्काही पहिल्यांदा त्यालाच.

आज प्रोसेसर बदलले, पण हा हिशेब तसाच आहे. घरातली मुलं ग्राफिक्स कार्ड मागतात तेव्हा मी आधी सप्लायवरचं लेबल वाचतो, १२ व्होल्टच्या रकान्यापुढचे अँपिअर बघतो. तुम्हीही बघा. कार्डाची किंमत नंतर विचारा.