पटिंग व शॉर्ट गेम (ऑनलाइन गोल्फ)

पटिंग व शॉर्ट गेम : संगणकावर किंवा मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या गोल्फमधला, होलपासून साधारण शंभर यार्डांच्या आतला खेळ. होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरून, म्हणजे ग्रीनवरून, चेंडू लोळवत होलमध्ये घालणे म्हणजे पटिंग. ग्रीनबाहेरून चेंडू तिच्यावर आणून ठेवणारे चिप, पिच, फ्लॉप आणि बंकरमधले (वाळूच्या खड्ड्यातले) फटके मिळून उरलेला शॉर्ट गेम होतो. नवखा खेळाडू सारी हौस ड्राइव्हवर, म्हणजे सुरुवातीच्या लांब फटक्यावर, भागवतो. गुणपत्रकावर मात्र २८० यार्डांचा ड्राइव्ह हा एक फटका असतो आणि दोन फुटांवरून हुकलेला पट हाही एकच. वरच्या पातळीवर सगळ्यांचे ड्राइव्ह सारखेच लांब जाऊ लागतात. मग सामन्याचा निकाल ग्रीनच्या आसपासच लागतो.

या खेळांतल्या फटक्याची रीत जुनी आहे. निंटेंडोच्या १९८४च्या ‘गोल्फ’मध्ये (त्याची आज्ञावली सातोरू इवाता यांनी लिहिली होती) पडद्यावरच्या पट्टीवर आधी जोर ठरवायचा आणि मग खूण परतताना नेमक्या क्षणी बटण दाबायचे, अशी सोय होती. २००८मध्ये ब्राउझरवर आलेल्या ‘वर्ल्ड गोल्फ टूर’ने हीच पद्धत उचलली आणि तिला सेंट अँड्र्यूज, बेथपेज ब्लॅक अशा खऱ्या मैदानांच्या छायाचित्रांची जोड दिली. २०१६मध्ये हा खेळ टॉपगोल्फ या कंपनीकडे गेला. खेळाडूंच्या बोलण्यात तो ‘डब्ल्यूजीटी’, आणि पट्टीवरच्या रेषेवर अचूक पडलेली टिचकी म्हणजे ‘डिंग’. ‘पीजीए टूर २के’ मालिकेत मुख्य पद्धत टिचकीऐवजी कंट्रोलरची दांडी मागे-पुढे ओढण्याची आहे. पुढचे विवेचन मुख्यतः डब्ल्यूजीटीला धरून आहे, पण त्यातले गणित कुठल्याही खेळाला लावून पाहता येते.

पटिंगमध्ये आधी वेग, मग दिशा. बहुतेक जण नेमके उलट करतात : खेळ ग्रीनवर दाखवतो त्या जाळीत उताराच्या दिशेने सरकणारे ठिपके बघत बसतात, वळण मोजतात आणि जोर अंदाजाने देतात. पण चेंडू किती वळणार हे तो किती वेगाने जाणार यावर ठरते. वेगच ठरलेला नसेल तर मोजलेले वळण कशाचे?

ग्रीनचा वेग सांगायला ‘स्टिंप’ हा आकडा वापरतात. १९३५च्या यूएस ओपनमध्ये ओकमाँट मैदानावरची निसरडी ग्रीन पाहून एडवर्ड स्टिंपसन यांनी यासाठी एक साधन बनवले. आज ते ३६ इंच लांबीच्या, खाचेच्या ॲल्युमिनियम पट्टीच्या रूपात वापरात आहे. पट्टी हळूहळू उचलली की साधारण २० अंशांच्या कलाला चेंडू खोबणीतून सुटतो, आणि सपाट ग्रीनवर तो जितके फूट लोळेल तितका त्या ग्रीनचा स्टिंप. ७-८ म्हणजे मंद ग्रीन, १० म्हणजे बरीच चपळ, १२-१३ म्हणजे मोठ्या स्पर्धांची.

चढ-उताराचा ऑनलाइन खेळाडूंचा ढोबळ नियम असा : एक इंच चढाला एक फूट जास्त, एक इंच उताराला एक फूट कमी. डब्ल्यूजीटीत होलचे अंतर फुटांत आणि उंचीतला फरक इंचांत पडद्यावर दिसतो, त्यामुळे हिशेब तोंडी होतो. २० फुटांचा पट आणि ४ इंच चढ असेल तर २४ फुटांचा जोर द्यायचा. तेवढाच उतार असेल तर १६ फुटांचा. हा नियम ऐकीव वाटला तरी निराधार नाही. लोळणाऱ्या चेंडूच्या ऊर्जेचे साधे गणित मांडले तर १० स्टिंपच्या ग्रीनवर एक इंच चढाला सुमारे १.०६ फूट हा आकडा मिळतो. म्हणजे नियम बरोबर आहे, पण १० स्टिंपपुरता. ७ स्टिंपवर तेच माप पाऊण फूट होते, तर १३ स्टिंपवर जवळपास १.४ फूट. वेगवान ग्रीनवर घर्षण कमी असते, त्यामुळे उंचीचा वाटा वाढतो. वरच्या पातळीवर पोहोचलेला खेळाडू महिनाभर चाचपडतो आणि नव्या पटरला (पटिंगच्या काठीला) दोष देतो, त्यामागे बहुधा हेच कारण असते. ग्रीन वेगवान झालेली असते, त्याचा नियम मात्र जुन्याच ग्रीनचा असतो.

उताराच्या बाजूने हेच गणित धोक्याची सूचना देते. १३ स्टिंपच्या ग्रीनवर दहा फुटांत सव्वासात इंच उतार असेल तर वजाबाकी शून्यावर येते. चेंडूला नुसता स्पर्श केला तरी तो थांबायचा नाही.

मीटरवरचा, म्हणजे जोराच्या पट्टीवरचा, फूट आणि ग्रीनवरचा फूट यांचे नाते प्रत्येक खेळात वेगळे असते, पटर बदलला की पुन्हा वेगळे. ते आधी सपाट जागेवर चार-सहा पट मारून बसवून घ्यावे लागते. मीटरचा पल्लाही पुरेल इतका लहानच निवडावा. १०० फुटांच्या पट्टीवर १२ फूट शोधायचे म्हणजे केसाएवढ्या जागेत बोट ठेवणे. २५ फुटांच्या पट्टीवर तीच खूण ऐसपैस मिळते.

वेग ठरला की वळणाकडे यावे. होलचा व्यास ४.२५ इंच, चेंडूचा १.६८ इंच, पण चेंडू जोरात आला तर होल जणू आकसते आणि कडेला लागलेला चेंडू गिरकी घेऊन बाहेर पडतो. अमेरिकी प्रशिक्षक डेव्ह पेल्झ यांनी, हुकला तर १७ इंच पुढे जाऊन थांबेल असा वेग सुचवला आहे. पडद्यावरही हा अंदाज बरा चालतो. अपवाद तीन-चार फुटांच्या आतल्या पटचा : तिथे थोडा जोर वाढवून होलच्या आतलाच नेम धरावा, वळणाला फुरसतच देऊ नये. लांबच्या पटमध्ये जाळीतले होलजवळचे ठिपके आधी पाहावेत, कारण तिथे चेंडू मंदावलेला असतो आणि उताराचे सगळ्यात जास्त ऐकतो. उतरत्या अंगणात गलीकडे गोटी सोडलेल्या माणसाला हे वेगळे शिकवावे लागत नाही. पीजीए टूरवरचे व्यावसायिकही आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट घालतात. म्हणून तीस फुटांवरून होल शोधण्याऐवजी चेंडू दीड-दोन फुटांत आणून ठेवणे हाच थ्री-पट (एका ग्रीनवर तीन पट) टाळायचा मार्ग.

ग्रीनबाहेरचा खेळ याच हिशेबातून निघतो. चिप कुठे थांबवायची, तर होलच्या खालच्या अंगाला, म्हणजे उरलेला पट चढाचा येईल. उतारावरच्या तीन फुटांपेक्षा चढावरचे सहा फूट बरे, हे पटायला थोडे दिवस लागतात. चिप कमी उडते आणि जास्त लोळते, म्हणून मध्ये मोकळी ग्रीन असेल तर तीच मारावी. पिच त्याहून उंच जातो. फ्लॉप जवळजवळ उभा वर जाऊन पडल्या जागी बसतो. मध्ये बंकर आणि पलीकडे हातभर ग्रीन, अशा अडचणीपुरताच तो ठेवावा. दिसायला देखणा म्हणून ऊठसूट फ्लॉप मारणारे बरेच भेटतात. त्यांची टिचकी जरा चुकली की चेंडू त्याच बंकरमध्ये जातो.

चेंडू रफमध्ये (लांब गवतात) किंवा वाळूत असेल तर खेळ नुकसानीची टक्केवारी दाखवतो, उदाहरणार्थ २०-२५ टक्के. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ३० यार्डांत २२ टक्के मिळवून ३६-३७ यार्ड मारणे. खरे तर ३०ला ०.७८ने भागायचे असते, म्हणजे साडेअडतीस यार्ड. ते दोन यार्ड कमी पडले की चेंडू ग्रीनच्या काठावर अडकतो. खेळ टक्केवारी एका आकड्यात न देता पट्ट्यात देत असल्याने थोडा फरक तरीही राहतोच. म्हणून होलच्या मागे जागा असेल तर मोठा आकडा धरावा आणि मागे पाणी असेल तर छोटा.

सरावासाठी पूर्ण १८ होल खेळत बसण्यापेक्षा एकाच ग्रीनवर पाच, दहा, वीस फुटांचे पट चढ, उतार आणि आडव्या अशा तिन्ही तऱ्हांनी मारून वहीत टिपणे जास्त उपयोगी : अंतर, इंच, दिलेला जोर, चेंडू कुठे थांबला. पन्नासएक नोंदी झाल्या की आपल्या ग्रीनचा ‘इंचाला किती फूट’ हा आकडा आपोआप समोर येतो. महागडा पटर त्यानंतर घ्यावा. त्याच्या मीटरचे भाग बारीक असतात आणि खूण हळू सरकते, पण कुठल्या आकड्यावर थांबायचे हे तो सांगत नाही. मीटर अडखळत सरकत असेल तर दोष हाताचा नसून बहुधा यंत्राचा असतो : ब्राउझरच्या बाकीच्या खिडक्या बंद कराव्यात, आणि मोबाइलवर खेळताना सूचना थांबवाव्यात. चार फुटांच्या पटला खूण डिंगच्या रेषेशी आली असताना वरून घरच्या ग्रुपवरचे ‘सुप्रभात’ उतरले, तर तो फटका परत मिळत नाही.