आरेखकाची नजर

लाला दीनदयाळ यांचे नाव हैदराबादच्या निजामांचे दरबारी छायाचित्रकार म्हणून घेतले जाते. परंतु त्यांची नजर घडली ती आमच्या इंदुरात. रुरकीच्या थॉमसन महाविद्यालयात स्थापत्य शिकून १८६६ मध्ये ते येथील बांधकाम खात्यात आरेखक म्हणून रुजू झाले. कॅमेरा हाती आला तो १८७४ च्या सुमारास, निव्वळ हौस म्हणून.

त्या काळी काचेवर रसायन चढवून, ते ओले असतानाच चित्र घेऊन धुवावे लागे. काच चुकली की सारा खटाटोप पुन्हा. तेव्हा चित्र आधी डोळ्यांनीच पुरते जुळवावे लागे. कचेरीत मोजून रेघ ओढणाऱ्यास ही शिस्त परकी नसावी. पुढे सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत त्यांनी ग्वाल्हेर, खजुराहो, सांची येथील वास्तू टिपल्या. त्या छायाचित्रांतील खांब व कमानींचा तोल पाहिला की आरेखकाचा हात ओळखू येतो.

हौशी माणसाची दृष्टी अशी त्याच्या रोजच्या कामातूनच येते. आमची हयात सरकारी कागदांत गेली, याची आम्हांस खंत वाटे. दीनदयाळांची चित्रे पाहिल्यापासून ती पुष्कळ ओसरली आहे.