‘गाडी ऑइल खाते’: पण जास्त म्हणजे किती?

‘गाडी ऑइल खायला लागली’ हे वाक्य सातारा-सांगलीकडच्या गॅरेजांमध्ये नेहमीचंच. पुढचं वाक्य मात्र माणसागणिक बदलतं. एक मिस्त्री म्हणतो, ‘रिंगा गेल्या, इंजिन खोलावं लागतंय.’ दुसरा म्हणतो, ‘चालू दे अजून, महिन्याला अर्धा लिटर टाकत जा.’ इंजिन तेच, धूरही तोच. मग ‘जास्त’ची रेष आखली कोणी?

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण याच प्रश्नावर आहे. विषय सांगितला की बरेचजण विचारतात, हा मेकॅनिकलचा विषय ना, इतिहासात कसा आला? माझं उत्तर असं: ऑइल किती जातं हे इंजिन सांगतं, पण ते ‘जास्त’ आहे हे मालक ठरवतो. आणि मालक ते ठरवतो आजूबाजूला बघून. नवी गाडी मिळते का, पिस्टन मिळतात का, बोअर करून देणारा जवळ आहे का. या गोष्टी दर वीस-तीस वर्षांनी बदलत आल्या, म्हणून ती रेषही सरकत आली.

आधी इंजिनाबद्दल थोडं, म्हणजे पुढचं कळेल. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइलचा पातळ थर लागतोच, नाहीतर पिस्टन घासून जाम होईल. त्या थरातलं थोडं पेट्रोलबरोबर जळतं. म्हणजे शून्य ऑइल खाणारं इंजिन नसतंच. थर पातळ ठेवायचं काम रिंगांचं. वाफेच्या इंजिनासाठी जॉन रॅम्सबॉटमने १८५० च्या दशकात कापलेली, स्वतःच्या ताणाने भिंतीला चिकटणारी लोखंडी रिंग आणली, आणि आजच्या मोटारीतली रिंग तिचीच नात आहे. साधारणपणे वरच्या दोन रिंगा दाब धरतात, खालची ऑइल खरवडून परत चेंबरमध्ये पाठवते. भिंत झिजली, रिंग सैल पडली किंवा कार्बनने खाचेतच अडकली, की ऑइल वर चढतं. दुसरी वाट व्हॉल्व्हच्या गाइडमधून, तिसरी ब्रीदरमधून, आणि चौथी सरळ जमिनीवर. ही चौथी वाट लोक विसरतात. जुन्या ॲम्बॅसिडरच्या १४८९ सीसीच्या इंजिनात क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नव्हतं. शाफ्टवर कोरलेल्या उलट्या आट्यांनी ऑइल आत ढकललं जायचं. बेअरिंग झिजलं की तिथून गळती ठरलेली. अशा गाडीचं इंजिन खोलून रिंगा टाकल्या, तरी खालचा डाग हटत नाही.

झीज सगळीकडे सारखी होत नाही. पिस्टन वर जाऊन क्षणभर थांबतो तिथे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या भागात, ती सगळ्यात जास्त असते. तिच्यावर एक न झिजलेली कड उरते, ती बोट फिरवलं की लागते. झीज वाढवणाऱ्या कारणांत धुळीचा नंबर वरचा. माण, खटाव, आटपाडी, जत या कोरड्या तालुक्यांत कच्च्या रस्त्यावर चाललेली गाडी आणि कृष्णाकाठच्या बागायती गावात चाललेली गाडी, दोघींच्या मीटरवर एकच आकडा असला तरी सिलिंडर वेगळे निघणार. ॲम्बॅसिडरला, जीपला ऑइल बाथ एअर क्लीनर असायचा तो याचसाठी. हवा आधी ऑइलच्या भांड्यावरून जायची आणि धूळ तिथे बसायची. ते भांडं वेळेवर साफ करणारा ड्रायव्हर असला तर इंजिन टिकायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण ‘अमुक किलोमीटरला रिंगा जातात’ असं सरसकट वाक्य कुठे वाचलं तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: कुठल्या रस्त्यावर?

आता सातारा-सांगलीच का? कारण झिजलेला सिलिंडर हा विषय या भागाला मोटारींच्या आधीपासून नीट माहीत होता. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात कुंडलजवळच्या माळावर १९१० मध्ये कारखाना हलवला, तीच आजची किर्लोस्करवाडी. साताऱ्याचे धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये उद्योग सुरू केला, आणि कोरेगाव तालुक्यातल्या सातारा रोडचा कूपरचा कारखाना देशात सुरुवातीला डिझेल इंजिनं बनवणाऱ्यांत गणला जातो. (राजकीय इतिहासाच्या पुस्तकात कूपर भेटतात ते १९३७ मधले मुंबई प्रांताचे पहिले प्रधानमंत्री म्हणून, एप्रिल ते जुलै, जेमतेम साडेतीन महिने. इंजिनांबद्दल तिथे एक ओळ मिळाली तरी नशीब.) हा कारखाना पुढे वालचंद उद्योगसमूहाकडे गेला. त्याच वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, जिची फियाट पुढे घरोघरी ओळखली गेली, आणि सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये त्यांचंच नाव मिळालं. गाडी, इंजिनाचा कारखाना आणि इंजिन शिकवणारं कॉलेज, तिन्हींवर एकच नाव! आणि साताऱ्याच्या कूपर उद्योगाचं आजही मोठं उत्पादन कोणतं? सिलिंडर लायनर. म्हणजे झिजल्यावर बदलायची भिंतच.

इथे माझा तर्क सुरू होतो, आणि तो तर्क आहे हे मी मुद्दाम सांगतो. विहिरीवरच्या अनेक डिझेल इंजिनांत लायनर वेगळा असतो: झिजला की काढायचा, नवा बसवायचा. शेतकऱ्याला आणि गावच्या मिस्त्रीला ‘सिलिंडर म्हणजे बदलायची वस्तू’ ही कल्पना पंपामुळे अंगवळणी पडली. फियाट-ॲम्बॅसिडरमध्ये मात्र सिलिंडर ब्लॉकमध्येच कोरलेले. तिथे बोअर मोठा करायचा आणि ओव्हरसाइज पिस्टन टाकायचे. बोअरला मर्यादा आली की ब्लॉकमध्ये स्लीव्ह ठोकून परत मूळ मापावर यायचं. हे शेवटचं काम, ब्लॉकला स्लीव्ह घालणं, पंपाच्या मिस्त्रीला फार परकं वाटलं नसावं. हा तर्क पाडायचा असेल तर काय शोधावं लागेल? जिथे इंजिनपंप कमी होते आणि गाड्या होत्या, अशा ठिकाणीही स्लीव्हचं काम तितकंच लवकर आलं, असं दिसलं तर मी हरलो. आपला तर्क कशाने पडेल हे आधी लिहून ठेवा. मार्गदर्शक तो प्रश्न विचारणारच आहेत.

टंचाईच्या काळात बोअरचं महत्त्व का वाढलं, हे आता सोपं आहे. १९५३ च्या टॅरिफ कमिशननंतर नुसत्या जोडणीवर चालणाऱ्या फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. मोटारी बनवायला उरल्या मुख्यतः हिंदुस्थान, प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबायचं. अशा वेळी हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल खाणारी गाडी ‘बरी’ असायची. सध्याच्या भावाने बघा: गाडी लिटरला १४ किलोमीटर देते असं धरलं तर हजार किलोमीटरला ७१ लिटर पेट्रोल लागतं. त्यात एक लिटर ऑइल म्हणजे किरकोळ. खर्च प्लग काळे पडण्याचा, आणि त्याहून मोठा म्हणजे पट्टी न बघता कमी ऑइलवर गाडी हाणली तर बेअरिंग जाण्याचा. म्हणून लोक जाड ऑइल घालून दिवस काढायचे. जाड ऑइल सैल रिंगांतून आणि गाइडमधून थोडं कमी जातं हे खरं, पण थंडीत सकाळी वर पोचायला उशीर लावतं आणि झीज आणखी वाढवतं. उधारीवर उधारी.

१९८३ च्या डिसेंबरमध्ये मारुती ८०० आली आणि हळूहळू दुसरा मार्ग खुला झाला: विकून टाका. मग १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि नंतर तो सगळीकडे पोचला. ऑइलमधला फॉस्फरस जळून या कन्व्हर्टरवर बसतो आणि त्याला निकामी करतो. आजच्या दहा-बारा वर्षांच्या गाडीत म्हणून तेच लिटरभर ऑइल ‘जास्त’ ठरतं, जे १९७० मध्ये कुणी मोजलंही नसतं. शिवाय खासगी मोटारीला पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, आणि त्याची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. गंमत म्हणजे पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी गाडी उभी असताना होते. घाट उतरताना निळा लोट सोडणारी गाडी तिथे पास होऊ शकते. कागदावरचं ‘प्रदूषण नाही’ आणि रस्त्यावरचा धूर ही दोन वेगळी साधनं आहेत, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

घाटाचं निघालंच आहे तर मिस्त्री लोकांची परीक्षा सांगतो. पाचगणीहून वाईला पसरणी घाट गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरा. थ्रॉटल बंद असल्याने इनटेकमध्ये मोठी पोकळी तयार होते आणि ती व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल ओढते. खाली येऊन पुन्हा पाय दिला की मागे निळा भपका येतो. याच्या उलट, चढावर भार असताना सतत निळा धूर येत असेल तर संशय रिंगांवर. याहून पक्की परीक्षा कॉम्प्रेशनची: आधी कोरडं माप घ्यायचं, मग प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्यायचं. आकडा चढला तर त्या ऑइलने रिंगांची फट बुजवली, म्हणजे दोष रिंगांत. चढला नाही तर वर व्हॉल्व्हकडे बघा. एकच गोष्ट बदलून फरक मोजायचा. संशोधन पद्धतीच्या पेपरमध्ये आपण जे पाठ करतो ते गॅरेजमध्ये एका चमच्याने होतं! आणि हे सगळं करण्याआधी ब्रीदर तुंबलाय का ते बघायचं, टॅपेट कव्हरचं पॅकिंग बघायचं. ज्याला दोन-पाचशेत भागतं त्यासाठी इंजिन खोलायचं नाही.

आता आपल्या कामाकडे. जुना खप कळणार कशावरून? सरकारी गाड्यांची लॉगबुकं हे पहिलं साधन. तारीख, कुठून कुठे, मीटर, पेट्रोल, ऑइल, सही. वरवर सोपं, पण तीन खड्डे आहेत. पहिला: वर टाकलेलं ऑइल आणि पूर्ण बदललेलं ऑइल एकाच रकान्यात असतं. चार लिटरची बदली ‘खप’ म्हणून मोजली की सगळं गणित गेलं. उलट, बदलीच्या वेळी आतून किती निघालं हे कुणी मोजत नाही, म्हणून त्याआधीची घट लपते. दुसरा: मैल-गॅलन-पिंटाचे आकडे आणि नंतरचे किलोमीटर-लिटर. समजा २५० मैलांना एक पिंट अशी नोंद आहे. ते हजार किलोमीटरला साधारण १.४ लिटर होतं. आधी सगळं एकाच मापात आणा. तिसरा खड्डा खास आपल्या भागातला: १९४९ मध्ये दक्षिण सातारा नावाचा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली झालं. त्या अकरा वर्षांचे कागद ‘सांगली’खाली शोधलेत तर हाती काही लागणार नाही, आणि ‘सातारा’खाली शोधलेत तर अर्धवट लागेल.

खुद्द ऑइलची पट्टीही फसवते. गावातल्या गावात, थंड इंजिनावर गाडी फिरली की न जळालेलं पेट्रोल खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं. पातळी हलत नाही, मालक खूश. मग एक लांब प्रवास होतो, पेट्रोल उडून जातं आणि ‘एका फेरीत पाव लिटर खाल्लं’ अशी तक्रार येते. खाल्लं महिनाभर होतं, दिसलं आज. म्हणून आजची गाडी मोजायची तर एकाच सपाट जागी, गरम इंजिन बंद करून दहा मिनिटांनी, मापाच्या बाटलीने भरून मोजा, आणि हजारेक किलोमीटर होऊ द्या. सातारा ते सांगली पेठ नाका-आष्टामार्गे साधारण सव्वाशे किलोमीटर. चार वेळा जाऊन आलं की माप झालं.

कागदापलीकडचं एक साधन मात्र फार थोड्यांनी वापरलंय: पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा. ॲम्बॅसिडरच्या पिस्टनवर ०२० असेल तर बोअर मूळ मापापेक्षा वीस थाउने, म्हणजे इंचाच्या वीस हजारांशांनी, वाढवलेला आहे; ०४० असेल तर चाळीस. फियाटचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर. प्रत्येक आकडा म्हणजे कुणीतरी एकदा ‘आता जास्त झालं’ असं ठरवल्याची खूण आहे, तीही तारखेशिवाय. तारीख बोअर करणाऱ्याच्या वहीत असते. हे पिस्टन भंगारात किलोवर जातात आणि वितळतात, आणि बोअरिंगची जुनी दुकानं बंद होताना वह्या रद्दीत जातात. या विषयात उतरायचं असेल तर अभिलेखागाराचं परवानगीपत्र येईपर्यंत वाट बघू नका. आपल्या गावातल्या बोअरिंगवाल्याकडे जा, पिस्टनचा फोटो घ्या, आणि खाली चार गोष्टी लिहा: आकडा, गाडी, गाव, आणि इंजिन खोलायच्या आधी मालक किती ऑइल टाकत होता.