खडखडणारी जीप आणि 'मोहम्मद'

महिंद्राची जीप सगळ्यांना ठाऊक. पण 1945 मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होतं, हे आपल्यातही थोड्यांनाच माहीत असतं. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये 'मोहम्मद'च्या जागी दुसरं 'महिंद्रा' आलं. आद्याक्षरं तीच राहिली. मला यात फाळणीचा सगळ्यात शांत हिशेब दिसतो.

जीप मात्र शांत नव्हती. 1949 मध्ये माझगावात तिची जुळणी सुरू झाली. मूळची लष्करी गाडी: काच बॉनेटवर आडवी होणारी, छत ताडपत्रीचं. जिथे बिजागरी तिथे खडखडाट. मिस्त्रींचे उपाय साधेच: पाट्यांचे झिजलेले बुश बदलायचे, बॉडीच्या बोल्टखाली रबर द्यायचं, फाळक्याच्या साखळीवर जुनी ट्यूब चढवायची. ताडपत्रीची फडफड तेवढी राहायचीच.