बीड जिल्ह्यातील वादक-गायक व त्यांची उपजीविका : एक ऐतिहासिक विचार

मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासात बीड जिल्ह्याचा उल्लेख बहुधा संतकवींच्या निमित्ताने होतो. अंबाजोगाईचे मुकुंदराज व दासोपंत, कपिलधारचे मन्मथस्वामी ही नावे वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांतून आढळतात. ह्या कवींची पदे व अभंग इतकी शतके कोणी गायिले, त्यांना मृदंगाची साथ कोणी केली, आणि ते गाणारे-वाजविणारे जगले कशावर, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला आहे. प्रस्तुत लेखात संगीताच्या गुणदोषांची चर्चा करावयाची नाही. वादकाला पैसा अथवा धान्य कोण देत असे, कशासाठी देत असे, आणि ते देणे कोणत्या कारणाने बंद पडले, एवढाच विचार करावयाचा आहे.

दासोपंतांचा काळ १५५१ ते १६१५ असा धरतात. सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद कापडावर त्यांनी लिहिलेल्या 'पासोडी'ने अभ्यासकांचे लक्ष इतके वेधून घेतले की त्यांच्या 'पदार्णवा'तील पदांना रागांची नावे जोडलेली आहेत, ह्या गोष्टीकडे त्या मानाने थोड्यांचे लक्ष गेले. रागाचे नाव लिहून ठेवावयाचे ते ते नाव वाचून त्याप्रमाणे गाऊ शकणारा कोणी तरी समोर असल्यावाचून नव्हे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस अंबाजोगाईसारख्या क्षेत्री रागदारीची जाण असलेले गायक व साथीदार असले पाहिजेत, असे अनुमान काढावयास हरकत नाही. त्यांची नावे आज उपलब्ध नाहीत.

निजामी अमलात हा जिल्हा हैदराबाद संस्थानचा भाग होता आणि अंबाजोगाईस मोमिनाबाद म्हणत. त्या व्यवस्थेत देवळाचा चौघडा, सनई आणि दर्ग्याची नौबत ह्यांचा संबंध जमिनीशी होता. देवस्थान, दर्गा अथवा मशीद यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनीस खिदमतमाश व व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेल्या जमिनीस मदतमाश म्हणत. खिदमतमाशीच्या उत्पन्नावर पूजा, दिवाबत्ती आणि वाद्ये ही सर्व चालत. योगेश्वरी, परळी वैजनाथ ह्यांसारख्या देवस्थानांत किंवा बीडच्या शहेनशाहवली दर्ग्याच्या उरुसात वाजविणाऱ्याला श्रोत्यांची मर्जी राखण्याचे कारण नसे. त्याचे वाजविणे ही सेवा होती व तिच्या मागे शेत होते. ह्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण शेताचा मोठा वाटा वाजविणाऱ्याच्या हातात पडतच असे असे मानता येत नाही. पण उत्पन्न निश्चित होते एवढे खरे. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थानाचे विलीनीकरण घडून आले, १९४९ मध्ये जहागिरी गेल्या, १९५४ मध्ये इनामे व रोख अनुदाने रद्द करणारा कायदा झाला. धार्मिक सेवेच्या जमिनींचा प्रश्न त्यातून बऱ्याच अंशी वेगळा राहिला आणि त्याचे वाद महसूल कचेऱ्यांतून आजपर्यंत चालू आहेत. ते वाद जमीन कोणाची ह्यावर चालतात; चौघडा कोणी वाजवावयाचा हा मुद्दा त्यांत केव्हाच मागे पडला आहे. १९५२ च्या अतियात चौकशी कायद्याखालील कागदपत्रे ह्या दृष्टीने कोणी वाचली तर वादक घराण्यांचा माग लागण्याचा संभव आहे.

जमिनीचा आधार देवळातील वादकाला होता. गावच्या वाजंत्र्याची स्थिती निराळी होती. हलगी, डफडे व सनई ही वाद्ये गावगाड्यात प्रामुख्याने मातंग समाजाकडे होती, आणि त्यांचा मोबदला बलुत्याच्या धान्यात किंवा लग्नाच्या मांडवाबाहेर वाढलेल्या जेवणात मिळे. वाजविणे हा येथे हक्क होता व सक्तीही होती. वरात हलगीवाचून निघत नसे, आणि हलगीवाल्यास नाही म्हणण्याची सोय नसे. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीने आणि १९५६ च्या धर्मांतराने गावकीची कामे नाकारण्याची जी वृत्ती निर्माण केली, तिचा परिणाम केवळ महार समाजापुरता राहिला नाही. जातीमुळे गळ्यात पडलेले वाद्य खाली ठेवणे हीच प्रतिष्ठेची पहिली पायरी आहे, असे पुष्कळ तरुणांना वाटू लागले, आणि ते वाटणे सर्वस्वी योग्य होते. लोककलेचे अभ्यासक पुष्कळदा हलगीच्या लोपाबद्दल हळहळतात. त्यांनी ती कोणत्या अटींवर वाजत होती हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या बाजूने, हलगी टाकणाऱ्याच्या हातात तिच्या जागी काय आले हेही पाहावे लागते. काहींच्या हाती शाळा आली, काहींच्या हाती आंबेडकरी जलशाची ढोलकी आली. वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२–२००४) कवि-गायकांच्या फिरतीने मराठवाड्यातील खेड्यांत ह्या गाण्याला मोठा श्रोतृवर्ग मिळवून दिला. परंतु पुष्कळांच्या हाती कोयता आला. त्याचा विचार पुढे करावयाचा आहे.

ह्या जिल्ह्यात वाद्यवादनाला खरा टिकाऊ आश्रय मिळाला तो वारकरी सप्ताहाचा. आळंदीस १९१७ मध्ये जोगमहाराजांनी वारकरी शिक्षण संस्था स्थापिली. तिच्या उभारणीत ज्यांचा सहभाग होता ते बंकटस्वामी बीड तालुक्यातील नेकनूरचे. पुढे सावरगावी जन्मलेले भगवानबाबा (१८९६–१९६५) यांनी हरिनाम सप्ताहाची चाल वाडीतांड्यांपर्यंत नेली. नारायणगड, गहिनीनाथगड आणि जिल्ह्याच्या सीमेवरील भगवानगड यांचे नारळी सप्ताह दरवर्षी नव्या गावी भरतात. पुढील वर्षीचा नारळ कोणत्या गावाने घ्यावयाचा याची चुरस असते. सप्ताहाचा खर्च वर्गणीतून होतो. म्हणजे पूर्वी जे काम इनामी जमीन करीत होती, ते आता गावकऱ्यांच्या पायलीने व पावतीपुस्तकाने सुरू झाले. त्यात जातीची सक्तीही नव्हती. मृदंग शिकू इच्छिणारा मुलगा कोणाचाही असो, त्याला फडावर उभे राहण्याची वाट येथे मोकळी झाली.

पखवाजवादक शंकरबापू आपेगावकर ह्याच परंपरेतून पुढे आले. त्यांचे आपेगाव अंबाजोगाई तालुक्यातील होय; ज्ञानेश्वरांचे पैठणजवळील आपेगाव निराळे. भजनातील मृदंग त्यांनी शास्त्रीय संगीताच्या बैठकीपर्यंत नेला, १९८६ मध्ये भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली, आणि त्यांचा वारसा उद्धवबापू आपेगावकर यांनी पुढे चालविला. एका कोरडवाहू तालुक्यातील खेड्यातून हे घडावे याचे श्रेय त्यांच्या साधनेला तर आहेच. पण वर्षभर कोठे ना कोठे भजन उभे राहील अशी सप्ताहांची साखळी नसती, तर हाताला इतका सराव आणि पोटाला इतका आधार मिळाला नसता हेही लक्षात घ्यावे लागते. तथापि ह्या आश्रयाची वाटणी विषम आहे. कीर्तनकाराच्या बिदागीचे आकडे लोकप्रियतेप्रमाणे चढत गेले. मृदंगाचार्य, गायनाचार्य व टाळकरी यांचे मानधन मात्र अजून 'सेवा' ह्या शब्दाच्या आडोशाला आहे. सेवेचा दर ठरवून मागणे अशोभनीय समजले जाते, म्हणून तो मागितला जात नाही. एकाच व्यासपीठावर एकाला दर आहे व दुसऱ्याला नाही, ही गोष्ट संप्रदायातील विचारी मंडळींनाही खटकत असली पाहिजे.

आता कोयत्याचा प्रश्न. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढले तसतसे बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर वाढले. १९७२ च्या दुष्काळानंतर तर ते जिल्ह्याच्या अर्थव्यवस्थेचे अंगच बनले. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि पट्टा पडला की उन्हाळ्याच्या तोंडी परत येतात. मुकादम आगाऊ रक्कम देतो तिला उचल म्हणतात. तमाशाच्या फडातही वादक व नाचेपोऱ्या यांना फडमालक हंगामापूर्वी जी रक्कम देतो तिला उचल हाच शब्द आहे, आणि फडाचा हंगामही दसऱ्यापासून उन्हाळ्यातील जत्रांपर्यंतचाच असतो. दोन्ही व्यवसाय एकाच मोसमात, एकाच पद्धतीच्या आगाऊ कर्जावर माणसे बांधून घेतात. ढोलकी वाजविणाऱ्यापुढे दरवर्षी निवड असते ती कला व पोट यांमधील नसून दोन उचलींमधील असते. पतिपत्नी दोघांच्या कोयत्यावर मिळणारी उचल एकट्या ढोलकीच्या उचलीवर मात करते हे उघड आहे. एखाद्या गावची भजनी मंडळी हिवाळ्यात का थंडावते, याचे उत्तर भक्तिभावाच्या ऱ्हासात शोधण्यापूर्वी गावातून किती कोयते गेले ते मोजावे.

परतल्यावर लग्नसराई असते. बँडवाले सुपारी घेतात ती ह्याच दोन-अडीच महिन्यांची. अवर्षणाच्या साली लग्ने पुढे ढकलली जातात, आणि दुष्काळ हा ह्या जिल्ह्याला पाहुणा नाही. अलीकडे ध्वनिवर्धकांच्या भिंतींनी, म्हणजे ज्याला सर्वत्र डीजे म्हणतात त्याने, वीस माणसांच्या ताफ्याचे काम एका यंत्रावर आणले. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर त्याला मनाई केली. पण नियमाने यंत्र थांबले तरी मोडलेला ताफा परत जुळत नाही.

यंत्राशी वादकाचा संबंध ह्याच्या आधीच आला होता, आणि त्या संबंधाचा इतिहास अधिक बोधप्रद आहे. आकाशवाणी जिल्ह्याच्या जवळ आली ती उशिरा : परभणीचे केंद्र १९६८ चे, औरंगाबादचे १९७६ चे. आकाशवाणीने ध्वनिचाचणी घेऊन श्रेणी दिली व श्रेणीप्रमाणे मानधन दिले. थोड्यांनाच मिळाले, तरी दर लिखित होता. १९८० नंतर ध्वनिफिती स्वस्त झाल्या आणि भारुडे, आराधी गीते, भीमगीते, शिवभजने यांचा मोठा बाजार निर्माण झाला. ह्या बाजारात गायक-वादकाला एकरकमी बिदागी मिळे व तेथेच त्याचा संबंध संपे. निर्मात्यांना दोष देऊन हा विषय संपविता येत नाही. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात गीतकार होता, संगीतकार होता, ध्वनिमुद्रिकेचा निर्माता होता. गाणारा व वाजविणारा नव्हता. त्याचा हक्क कायद्याने प्रथम मानला तो १९९४ च्या दुरुस्तीने, आणि व्यापारी उपयोगातील मानधनाच्या वाट्याची तरतूद झाली ती २०१२ मध्ये. ध्वनिफितीचा सारा भरभराटीचा काळ ह्या पोकळीतच येतो. त्या काळी गायिलेले आवाज आज दूरध्वनीच्या पडद्यावर लाखो लोक ऐकतात आणि त्या आवाजांच्या मालकांना त्याचा पैसा पोहोचत नाही, याचे मूळ येथे आहे.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. दक्षिण आफ्रिकेतील झुलू गायक सॉलोमन लिंडा याने १९३९ मध्ये 'म्बुबे' हे गीत ध्वनिमुद्रित केले व नाममात्र रकमेला त्याचे हक्क विकले. ते गीत पुढे अमेरिकेत रूपांतरित होऊन जगभर गाजले. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात वारला. १९११ च्या ब्रिटिश कायद्यात कर्त्याच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांनी हक्क वारसांकडे परतण्याची जुनी तरतूद होती. तिच्या आधारे त्याच्या मुलींनी दावा लावला व २००६ मध्ये तडजोड होऊन त्यांस काही वाटा मिळाला. लिंडाच्या वारसांना एक गोष्ट अनुकूल होती. गीत त्याचे स्वतःचे होते व ध्वनिमुद्रिकेवर नाव होते. आपल्याकडील आराधी गीताचा कर्ता परंपरा असते आणि संबळ वाजविणाऱ्याचे नाव फितीच्या वेष्टनावर बहुधा छापलेले नसते.

शासकीय साहाय्याचा आरंभ तसा जुना आहे. वृद्ध कलावंतांच्या मानधनाची योजना १९५४-५५ पासूनची. बीड जिल्हा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आल्यावर तिच्या कक्षेत आला. पूर्वी राष्ट्रीय, राज्य व स्थानिक असे वर्ग पाडून कमीअधिक रक्कम दिली जाई. २०२४ मध्ये सर्वांना सरसकट दरमहा ५,००० रुपये करण्यात आले. वर्ग गेले हे उत्तम झाले. २०२० च्या टाळेबंदीत, जेव्हा पंढरीची वारीसुद्धा बसगाडीतून पादुका नेऊन पार पडली आणि सप्ताह, जत्रा व लग्ने असे तिन्ही आश्रय एकदम बंद झाले, तेव्हा अशा नियमित रकमेचे महत्त्व सर्वांच्या ध्यानी आले. अंबाजोगाईच्या यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहासारख्या उपक्रमांनी शास्त्रीय गायनास श्रोते तयार केले, आणि आता एखादा तरुण मृदंगी स्वतःचे वादन स्वतःच प्रसृत करतो, तेव्हा निदान त्याचे नाव त्याखाली असते. ह्या गोष्टी आशादायक आहेत असे प्रस्तुत लेखकास वाटते, जरी त्यांतून किती जणांचे घर चालते हा प्रश्न उरतोच.

मानधनासाठी अर्ज करणाऱ्यास आपण कलावंत असल्याचे पुरावे द्यावे लागतात. येथे एका उपेक्षित साधनाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावेसे वाटते. प्रत्येक सप्ताहाची पत्रिका छापली जाते. तीत कीर्तनकारांच्या खाली मृदंगाचार्य, गायनाचार्य, पेटीवादक, विणेकरी व चोपदार यांची नावे गावांसह दिलेली असतात. तालुक्याच्या छापखान्यांतून निघालेल्या ह्या पत्रिका एकत्र केल्या, तर कोणत्या गावी कोणता मृदंगी कोणत्या सालापासून वाजवीत होता याची विश्वसनीय जंत्री तयार होईल, आणि ती इतिहासकारांप्रमाणेच अर्जदारांच्याही उपयोगी पडेल. सप्ताह संपला की ह्या पत्रिका देवळाच्या भिंतीवर उन्हापावसात विरून जातात. हलगीवाल्याचे नाव तर त्या पत्रिकेतही नसते. त्याच्यासाठी लग्नातील हिशोबाच्या वह्या पाहाव्या लागतील, आणि तेथेही बहुधा 'वाजंत्री' एवढाच शब्द व त्यापुढे रक्कम आढळेल.