पुठ्ठ्याच्या खोक्याची हकीकत

विठ्ठलवाडी-बदलापूर भागात जांभूळ निघाले की बांबूच्या करंड्या भरू लागतात. बाजारात करंडी उपडी केली की तळचे फळ चेचलेले दिसते, आणि व्यापारी त्याकडे बोट दाखवून सगळ्याच मालाचा भाव पाडतो. पुठ्ठ्याचे खोके वापरा म्हटले, तर "कागद तो, भार काय घेणार?" असे तुम्ही विचारता.

तुमच्या गोठ्यावरचा पत्रा पाहा. सपाट पत्रा लगेच वाकतो, पन्हळी पत्रा माणसाचे वजन पेलतो. कागदाचेही तसेच. १८५६ साली इंग्लंडात पन्हळी कागद निघाला, तो साहेबांच्या उंच टोपीच्या अस्तरासाठी! १८७१ साली न्यूयॉर्कच्या अल्बर्ट जोन्सने तो बाटल्या व दिव्याच्या काचांभोवती गुंडाळला. १८७४ मध्ये ऑलिव्हर लाँगने पन्हळीवर साधा कागद चिकटवला आणि बळकट पुठ्ठा झाला.

तरी विश्वास लगेच बसला नाही. अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्या अशा खोक्यांतील मालाला लाकडी पेटीपेक्षा जादा भाडे लावीत. १९१४ साली प्रिडहॅम खटल्यात हा भेदभाव गैर ठरला, आणि मग लाकूड मागे पडत गेले. आपल्याकडे मुंबईत १९६६ साली भारतीय पॅकेजिंग संस्था निघाली. १९९१ मध्ये महाग्रेप्स स्थापन झाली. आपली द्राक्षे पुठ्ठ्याच्या खोक्यांतून परदेशी जातात.

कोकणचा हापूस पेंढा घालून लाकडी पेटीत जाई. खिळा किंवा फळीची कड फळाला लागे, झाड तुटे ते वेगळेच, आणि भाडे लाकडाच्या वजनाचेही भरावे लागे. पुठ्ठ्याचे खोके हलके, घडी करून ठेवता येते, वर तुमचे नावही छापता येते.

मात्र त्याचा खरा शत्रू ओल. आणि जांभूळ येते नेमके पावसाच्या तोंडावर! खोकी जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, वर ताडपत्री टाका. उन्हातले गरम फळ लगेच भरू नका, आत घाम धरतो. भार खोक्याचे चार कोपरे घेतात, म्हणून थप्पी लावताना कोपऱ्यावर कोपरा आला पाहिजे. हवेची भोके कोपऱ्यांपासून दूर पाडा. फळ काठाच्या वर आले, तर वरच्या खोक्याचा भार फळावरच येतो.

जांभळासाठी उथळ खोकीच घ्या. तीन प्लायमध्ये पन्हळीचा एक थर असतो, पाच प्लायमध्ये दोन. उंच थप्पी लावायची असेल तर पाच प्लायचे मागा, आणि पैसे देण्याआधी कड फाडून थर मोजा.