टाक्यातून निघालेला टँक

बंगळूरहून जुन्या मद्रास रस्त्याने पूर्वेला निघालं की होसकोटे लागतं. गावाला लागून दक्षिण पिनाकिनीचं पाणी अडवून केलेलं मोठं तळं आहे, दोड्ड अमानीकेरे. दोड्ड म्हणजे मोठं, केरे म्हणजे तळं. अमानी तर आपल्याही जुन्या दप्तरातला शब्द : मक्त्याने न देता सरकारने स्वतःच्या देखरेखीत ठेवलेलं. हा मुलूखही आपल्याला परका नाही. शहाजीराजांच्या जहागिरीत बंगळूर, कोलारबरोबर होसकोटेही होतं. 1768 च्या ऑगस्टात मराठा सरदार मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदर अलीने रात्री छापा घातला तो इथेच. इंग्रजी कागदांत गावाचं नाव 'ऊसकोटा' झालं आणि केरेचा 'टँक'.

या टँकने पुढे किती संसार मांडले! कुणाला तो शब्द ऐकून रणगाडा दिसतो, कुणाला मोटारीची पेट्रोलची टाकी, कुणाला मासे ठेवायची काचपेटी. अमेरिकेत दारुड्यांना रात्रभर डांबायची कोठडीही टँक. टेनिसपटूने मुद्दाम सामना घालवला तर त्याने तो 'टँक केला'. धोरणांचा खल करणारी संस्था थिंक टँक. होसकोट्यात मात्र टँक म्हणजे मातीच्या लांबच लांब बांधाआड साठवलेलं पावसाचं पाणी.

यूल आणि बर्नेल यांच्या 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात या शब्दाची दोन माहेरं सापडतात. एक पोर्तुगीज 'तांके', ज्याच्या मुळाशी पाणी अडवण्याचा, साचवण्याचा अर्थ आहे. वास्को द गामाच्या 1498 च्या सफरीच्या रोजनिशीतही हा शब्द आहे, म्हणजे पोर्तुगीज तो घरूनच घेऊन आले होते. दुसरं माहेर आपल्या बाजूचं : गुजराती टांकुं, मराठी टाके. मला वाटतं, पश्चिम किनाऱ्यावर हे दोन शब्द एकमेकांना भेटले आणि इंग्रजांच्या कानावर पडेपर्यंत एकजीव झाले.

आपल्या टाक्याजवळ मात्र थोडं थांबायला हवं. संस्कृतात टंक म्हणजे दगड फोडायची छिन्नी. पाथरवट आजही तिला टाकीच म्हणतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण तिचीच. शिवनेरीवर गंगा-जमुनेच्या टाक्यांपाशी उभं राहून आत पाहावं. टाकी पडली, कातळ निघाला आणि उरलेल्या पोकळीत पाणी आलं. हत्याराचंच नाव पाण्याच्या जागेला लागलं, हे नातं मला मनापासून पटतं. मात्र हे नाव फार जुनं नसावं : नाणेघाट आणि कान्हेरीच्या प्राकृत लेखांत अशा कुंडाला 'पोढी' म्हटलं आहे.

पाण्याचा हा शब्द रणगाड्याला चिकटला तो 1915 च्या अखेरीस. इंग्लंडमधल्या लिंकन शहरात पट्ट्यांवर चालणारं चिलखती वाहन गुपचूप तयार होत होतं. बातमी फुटू नये म्हणून पाण्याच्या टाक्या बनताहेत असं सांगितलं गेलं, आणि टोपणनाव पडलं टँक. 15 सप्टेंबर 1916 रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर ती वाहनं प्रथम उतरली. गुपित संपलं तरी नाव टिकलं. अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. मराठीने रणगाडा असा खणखणीत नवा शब्द घडवला आणि टाकीला रणांगणात ओढलं नाही, याचा मला फार आनंद वाटतो.

होसकोट्याच्या बाजूलाही टँकचे अवयव गावच्या बोलीतच राहिले आहेत. बांध ती एरी, पाणी सोडायची मोरी ती तूबु, सांडवा ती कोडी. पावसाळा चांगला झाला आणि कोडीवरून पाणी वाहू लागलं, की बायका सुपात हळद-कुंकू, बांगड्या, धान्य, खण घालून पाण्याला बागिन देतात. आपण नदीची ओटी भरतो तशीच. त्या वेळी पाण्याचं नाव केरेही नसतं आणि टँकही नसतं. ते असतं गंगम्मा.